अर्धी तुला, अर्धी मला

आष्ट्याच्या त्या गल्लीत कुणाचं डोकं ठणकलं, पोट बिघडलं किंवा गुडघा धरला, तर माणूस आधी दवाखान्यात जात नसे. आधी मेहरुनबीच्या उंबऱ्यावर जाई. मेहरुनबी जागची उठायची नाही. नुसता हात मागे करून फळीवरचा पत्र्याचा डबा ओढायची. डबा मूळचा बिस्किटांचा. झाकणावरच्या बाईचा चेहरा घासून घासून पुसून गेला होता, हातातली बशी तेवढी उरली होती. आत गोळ्यांची पाकिटं: काही अख्खी, काही अर्धी, काही अशी कापलेली की नावाचा भाग कधीच केरात गेलेला. कुणाला गुण आला की उरलेल्या गोळ्या या डब्यात यायच्या, आणि तसंच दुखणं दुसऱ्याला झालं की त्याच्या पोटात जायच्या. गल्लीची ही रीतच होती. डॉक्टर एकाला तपासायचा आणि औषध चार जण खायचे.

टाकायचं काही नाही, हा या घरचा कायदा. तो केला मेहरुनबीच्या नवऱ्यानं, महंमदनं. महंमद गाद्या भरायचा. गादीतून उरलेला कापूस उशीत जायचा, उशीतून उरलेला बाळाच्या टोपऱ्यात. तो जाऊन नऊ वर्षं झाली, दुकान आता मुलगा मतीन बघतो, पण कायदा जागच्या जागी आहे. ताटात शीत ठेवून उठायची कुणाची छाती होत नाही. सून अफसाना लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दुपारी अर्धी भाकरी टाकून उठली होती. सासूनं काही म्हटलं नाही. तीच अर्धी भाकरी संध्याकाळी तिच्या ताटात पहिली वाढली.

या घरात कापशी जन्मली. दुकानाच्या मागच्या खोलीत, कापसाच्या ढिगात, चार पिल्लांमधली ती एकटी जगली. पांढरीशुभ्र. डोळे मिटून पडली की कापूस कुठला आणि मांजर कुठलं ते कळत नसे. मतीननं एकदा तिला कापसासकट उचलून गादीच्या खोळीत कोंबलं होतं, तेव्हापासून गादी शिवण्याआधी मेहरुनबी ओरडून विचारायची, "कापशी कुठं हाय? आधी कापशी दाखीव!" महंमद गेला त्या महिन्यात मेहरुनबी कुणाशी बोलत नव्हती. कापशीशी तेवढी बोलायची. त्यामुळे आता तेरा वर्षांची ती मांजर नुसती मांजर राहिली नव्हती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. उघडपणे कुणी म्हणत नव्हतं, इतकंच.

गेल्या हिवाळ्यात कापशीला भूक सुटली. सकाळी चिलापी माशाचं डोकं खाल्लं तरी तासाभरात ती अफसानाच्या पायात घुटमळायची. ताटली इतकी स्वच्छ चाटायची की धुवायचं काम उरायचं नाही. मेहरुनबीला याचा कोण अभिमान! "बघा, आमच्या घरची शिकवण! मांजर असून कण टाकत न्हाई." शेजारच्या मनुबाईच्या चुलीवरून कापशीनं तळलेल्या माशाचे दोन तुकडे उचलले, तेव्हा मनुबाई कमरेवर हात ठेवून आली. मेहरुनबीनं तिला चहा पाजला आणि वर सुनावलं, "तेरा वर्षांची म्हातारी तुझ्या वट्यावर उडी मारती, कवतिक कर की!"

पण कौतुक पुरलं नाही. कापशी खात होती आणि वाळत होती. पाठीचा कणा हाताला लागायला लागला. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरायची, मध्येच भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं ओरडायची, पाणी प्यायची, ओकायची आणि पुन्हा खायला मागायची. मनुबाई म्हणाली जंत झाले असतील. मेहरुनबीनं नजर उतरवली, मग डब्यात हात घातला. तेवढ्यात नातीनं, मदिहानं, डब्यावर हात ठेवला. मदिहा बारावीला होती आणि तिचं तोंड आजीवर गेलं होतं.

"दादी, तिला डब्यातलं काय बी द्यायचं न्हाई. सांगलीला न्यायचं."

मांजर न्यायला टोपली कुठून आणणार? गादीवाल्याच्या घरात उशीच्या खोळी मुबलक. मदिहानं चांगली जाड खोळ घेतली, कापशीला आत घातलं, डोकं तेवढं बाहेर ठेवून चेन ओढली. मतीनच्या टेम्पोत, गाद्यांच्या पुढ्यात, आजीच्या मांडीवर बसून कापशी सांगलीला निघाली. सगळ्या रस्त्यानं ती ओरडत होती. हळदीच्या बाजाराजवळ वास नाकात गेला तेव्हा एकदा शिंकली, तेवढीच काय ती शांतता.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. शिवांजली नाव. हात मात्र तयार होते. तिनं कापशीच्या गळ्यावरून दोन बोटं हळू फिरवली, छातीला नळी लावली, रक्त घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं: गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी वाढली आहे, ती फार जास्त काम करते आहे. म्हणून भूक, म्हणून वाळणं, म्हणून काळजाचा धडधडाट. म्हाताऱ्या मांजरांना होतं असं. आता रोज सकाळ-संध्याकाळ एक इवलीशी गोळी, जन्मभर. बरं वाटेल. चार आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू.

मदिहानं फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. 'गळ्यातली ग्रंथी' म्हटल्याबरोबर मेहरुनबीचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला आणि तिचा चेहरा उजळला. पुढचं तिनं काही ऐकलंच नाही.

"म्हंजे माझंच दुखणं की!" फोन ठेवल्यावर ती म्हणाली. "मला न्हाई का अकरा वर्सं झाली? बघ की, जिनं सोबत केली तिला दुखणं बी माझंच लागलं."

"तसं न्हाई दादी. तुमचं..."

"मला नको शिकवू."

मदिहा शिकवायचं थांबली, ही तिची चूक. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन रंगांच्या खुणा करायला सुरुवात केली. सकाळी गोळी दिली की हिरवी, संध्याकाळी दिली की निळी. माशाच्या तुकड्यात गोळी लपवून ती स्वतः भरवायची आणि कापशीचं नरडं खालीवर झालेलं पाहूनच उठायची.

पहिल्या चार दिवसांत फरक पडला नाही. आता चार दिवसांत कशाला फरक पडतो? पण मेहरुनबीला वाटलं, ही गोळी नवी, डॉक्टर नवी, पोरगी नवी. आपली गोळी अकरा वर्षांची पारखलेली. ती सुरू केली तेव्हा अंगातला सगळा आळस महिन्यात पळाला होता. गळ्याचं तेच दुखणं, मग औषध वेगळं कशाला? आणि गोळी तर डब्यातली नव्हतीच, तिची स्वतःची होती, नाव छापलेली, ताजी. आपल्या वाट्यातलं देणं म्हणजे काही डब्यातलं देणं नव्हे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

पाकिटात गोळ्या महिन्याच्या मोजून तीस. पूर्ण दिली तर मतीनला कळणार. म्हणून फजरची नमाज झाली की घर उठायच्या आत ती पाटावर बसायची, सुपारीच्या अडकित्त्यानं गोळीचे दोन भाग करायची. "अर्धी तुला, अर्धी मला," असं म्हणून एक तुकडा साईत घालून कापशीपुढे धरायची आणि दुसरा स्वतः गिळायची. कापशी साय चाटायची, मेहरुनबी तिच्या कण्यावरून हात फिरवायची. दिवसातली तिची सर्वांत आवडती वेळ ती झाली होती. कुणाला न सांगता आपण कुणाला तरी जगवतो आहोत, याचा आनंद फार मोठा असतो, आणि तो माणसाला आंधळंही करतो.

चार आठवड्यांत कापशी आणखी वाळली. आता ती धावतही नव्हती. नुसती उभी राहून धापा टाकायची. आणि घरात आणखी एक गोष्ट घडत होती तिकडे कुणाचं नीट लक्ष नव्हतं. मेहरुनबी दुपारी भाजी निवडता निवडता पेंगायची. पायावर सूज दिसायची. मतीनला वाटलं, मांजराच्या काळजीनं अम्मी खचली.

दुसऱ्या खेपेला मेहरुनबी, मतीन आणि मदिहा सांगलीला गेले. रक्त घेतल्यावर डॉक्टर म्हणाली, रिपोर्ट दुपारपर्यंत येईल, थांबा. तिघांनी बाकावर बसून डबा खाल्ला. कापशीनं खोळीतून डोकं काढून तिघांच्या वाट्याचे बोंबील खाल्ले.

दुपारी शिवांजलीनं बोलावलं तेव्हा तिच्या कपाळावर आठी होती.

"आकडा कमी व्हायला हवा होता. पहिल्यापेक्षा वाढलाय. गोळी पोटात जाते ना नक्की?"

मदिहानं कॅलेंडरचं पान फाडून आणलं होतं. ते तिनं टेबलावर पसरलं. हिरव्या-निळ्या खुणांत एकही घर रिकामं नव्हतं.

"दुसरं काही देत नाही ना? एखादं औषध, टॉनिक?"

"न्हाई मॅडम," मदिहा ठासून म्हणाली. "मी हात लावू देत न्हाई कुणाला."

मेहरुनबी खोळीची चेन चाळवत बसली होती.

"मग डोस दुप्पट करावा लागेल," शिवांजली म्हणाली. "काळजाचे ठोके फार वाढलेत. यानंही नाही झालं तर... आजी, मग तिला त्रास कमी होईल एवढंच बघायचं." मग म्हातारीचा चेहरा पाहून ती जवळ आली. कागद ओढून तिनं एक नळ काढला. "हे बघा. गळ्यातली ग्रंथी म्हणजे नळ. कापशीचा नळ धो धो वाहतोय. आपली गोळी तो नळ आवळते. माणसांत, बायकांत जास्त, बहुतेक वेळा उलटं असतं. नळाला पाणीच येत नाही. मग त्यांना आपण गोळीतून वरून पाणी देतो. दुखणं एकाच जागेचं, पण औषध अगदी उलटं."

मेहरुनबीच्या कानात सूं झालं. रोज सकाळी, घर झोपेत असताना, नळ आवळणाऱ्या पोरीच्या पाठीमागून ती कळशीनं पाणी ओतत होती. साईत घालून, लाडानं.

ती बोलली नाही. मुद्दाम नाही, जीभच उचलेना. पोरीनं नुकतंच छातीठोक सांगितलं होतं, मी हात लावू देत नाही कुणाला. शेजारी मतीन उभा होता, जो डब्याबद्दल आधीच कुरकुरायचा. शिवांजलीनं नवी चिठ्ठी लिहिली, मदिहानं घेतली आणि तिघं बाहेर पडली.

टेम्पोत बसल्यावर मेहरुनबीनं हिशेब मांडला. उद्यापासून अर्धी गोळी द्यायची नाही. झालं. कुणाला कळायचं कारण नाही. कापशी आपोआप बरी होईल, सगळे म्हणतील नव्या डोसानं गुण आला. सोपं होतं. तिला हायसं वाटलं, आणि मग तिनं मांडीवरच्या खोळीकडे पाहिलं. कापशीनं तोंड बाहेर काढून तिच्या बोटाला नाक लावलं. सकाळच्या सायीचा वास अजून त्या बोटाला असावा.

आणि तिला उमगलं. नळ दुप्पट आवळायचा तो पाणी धो धो आहे म्हणून. उद्या आपण कळशी ओतायची थांबलो आणि नळही दुप्पट आवळला, तर? मग थेंबही येणार नाही. आळस, सूज, थंडी... तिला तिची स्वतःची अकरा वर्षांपूर्वीची अवस्था आठवली. एवढ्याशा जिवाला ती कशी झेपणार? आपण गप्प राहिलो तर डॉक्टर खोट्या आकड्यावर औषध देणार, आणि ते औषध आपणच हातानं दिल्यासारखं होणार.

टेम्पो औषधाच्या दुकानापुढे थांबला. मदिहा चिठ्ठी घेऊन उतरत होती.

"थांब," मेहरुनबी म्हणाली. "मतीन, गाडी मागं घे."

"का? काय राहिलं?"

"माझं बोलायचं राहिलं."

दवाखान्यात आता गर्दी झाली होती. कुणी कुत्रं घेऊन, कुणी पोपट घेऊन बसलं होतं. मेहरुनबी कुणाकडे न बघता थेट डॉक्टरच्या टेबलाशी गेली. पिशवीतून तिनं स्वतःच्या गोळ्यांचं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"पोरी, ह्यातली अर्धी मी रोज सकाळी तिला देत हुते. महिना झाला. ह्या मदिहाला ठावं न्हाई. हिच्या कागदात खोट न्हाई, खोट माझ्यात हाय."

मतीनचा आवाज चढला. "अम्मी! तुमच्या त्या डब्यानं... घरी गेल्यावर पयला तो डबा कृष्णेत टाकतो!"

"टाक," मेहरुनबी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही. "पर आधी हिचं काय करायचं ते इचार. मी हिला मारायला निघाले हुते मतीन. लाडानं."

मदिहा रागानं लाल झाली होती. ती काही तरी बोलणार होती, पण शिवांजलीनं हात वर केला. ती पाकिटाकडे बघत होती.

"आजी, अर्धी तिला. आणि उरलेली अर्धी?"

"ती माझी."

"म्हणजे महिनाभर तुम्ही अर्धीच घेतली?" तिनं मेहरुनबीच्या पायांकडे पाहिलं, सुजलेल्या पापण्यांकडे पाहिलं. "दिवसा झोप येते?"

"लय येती."

शिवांजली खुर्चीत मागे टेकली आणि हसली. चेष्टेचं हसू नव्हतं ते; महिनाभराचं कोडं सुटल्याचं होतं. "अहो, मग कापशीच्या औषधात काहीच वाईट नाही! औषध लागू पडत होतं, आपणच पडू दिलं नाही. ती दुप्पट डोसाची चिठ्ठी द्या इकडे." तिनं चिठ्ठी फाडली. "पहिलाच डोस. दुसरं काही नाही. तीन आठवड्यांनी बघू. आणि तुम्ही तुमच्या डॉक्टरांकडे उद्याच जायचं. तुमची गोळी पूर्ण तुमची."

"डॉक्टर, गोळी मीच देणार," मदिहा म्हणाली. "दादीनं मांजराला हात लावायचा न्हाई."

"नाही," शिवांजली म्हणाली. "आजीच देतील. महिनाभर एक सकाळ चुकवली नाही त्यांनी. असं माणूस मला कुठं मिळणार? तुम्ही खुणा करा."

मेहरुनबीनं त्या डॉक्टर पोरीकडे पाहिलं. मग तिनं खोळीची चेन नीट केली.

डबा कृष्णेत गेला नाही. पण त्या रविवारी मदिहानं तो अंगणात उलटा केला आणि एकेक पाकीट वाचून तीन ढीग केले: मुदत संपलेली, नाव नसलेली, आणि ज्याची त्याला परत द्यायची. तिसरा ढीग सर्वांत लहान निघाला. मनुबाई वट्यावरून बघत होती. गुडघ्यासाठी ती दोन वर्षं जी गोळी नेत होती ती कुणाच्या तरी सर्दीची होती, असं कळलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला.

"आगं पर मला गुण आला हुता की!"

"तो चालण्याचा गुण," मेहरुनबी म्हणाली. "माझ्या घरापातूर रोज चालत येत हुतीस न्हवं?"

डब्यात आता दोनच पाकिटं राहिली. एकावर मदिहानं 'दादी' लिहिलं, दुसऱ्यावर 'कापशी'. फजरनंतर मेहरुनबी दोन्ही काढायची, चष्मा लावायची आणि अक्षरं दोनदा बघायची. तिची ती पूर्ण, पाण्याबरोबर. कापशीची ती इवलीशी, माशाच्या तुकड्यात. संध्याकाळी पुन्हा एकदा कापशीची. अडकित्ता सुपारीकडे परत गेला.

पहिला आठवडा काही दिसलं नाही, पण या वेळी तिनं घाई केली नाही. दुसऱ्या आठवड्यात कापशीचं भिंतीकडे बघून ओरडणं थांबलं, आणि ते थांबल्याचं घराच्या दोन दिवसांनी लक्षात आलं. एका दुपारी ती नव्या कापसाच्या ढिगात इतकी गाढ झोपली की मतीननं काम सोडून आधी तिच्या पोटावर हात ठेवून श्वास पाहिला.

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी अफसानानं तिला चिलापीचा मोठा तुकडा घातला. कापशीनं खाल्लं. मध्येच थांबली. ताटलीकडे एकदा पाहिलं, पंजा चाटला, आणि अर्धा तुकडा तसाच ठेवून उन्हात जाऊन बसली.

अफसाना दचकली. या घरात ताटलीत अन्न उरलं होतं. सासूच्या नजरेला पडायच्या आत उचलावं म्हणून ती वाकली.

"हात लावू नगंस!" मेहरुनबी उंबऱ्यातून ओरडली. "मतीन! मदिहा! इकडं या सगळी! मनू, तू बी ये!"

सगळे धावत आले. त्यांना वाटलं मांजराचं काही झालं. मेहरुनबी गुडघे दुमडून जमिनीवर बसली होती, ताटलीकडे बोट दाखवत होती आणि हसता हसता रडत होती.

"बघा," ती म्हणाली. "तिनं टाकलं. पोट भरलं तिचं."

कापशी उन्हात डोळे मिटून बसली होती. तिला या गोंधळाचं काही नव्हतं. अफसाना ताटलीकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "अम्मी, संध्याकाळी हाच तुकडा वाढू का तिला?"

मेहरुनबीनं सुनेकडे पाहिलं. वीस वर्षांपूर्वीची अर्धी भाकरी दोघींनाही एकदमच आठवली असावी.

"नगं," ती म्हणाली. "मनाला यील तवा खाईल. न्हाई खाल्लं तर न्हाई."